बासच्या पोटातले तांदूळ

माझ्या थोरल्या भावाचा ड्रमसेट मी विकला, आणि तो हंगामापुरता भाड्यानं गेलाय असं त्याला सांगितलं. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, वहिनीला नाही. दादाला तर नाहीच. सेट पाठवायच्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हातानं बांधत होता आणि मी सुतळीचं दुसरं टोक धरलं होतं.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवली सोडली की थोडं आत. घर भाताच्या खाचरांना लागून, पुढे पडवी. त्या पडवीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून दादाचा सेट असायचा. मुंबईतला कुणाचा तरी ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, त्यांचा जुना सेट दादानं घेतला. तांबड्या रंगाचा, कडेला चकाकी उडालेला. कल्याणहून मुरबाडच्या एसटीच्या टपावर चढवून आणला. गाडी थांबेल तिथे दादा खाली उतरायचा, वर बघायचा, परत चढायचा. कंडक्टर म्हणाला, "काय रे, वर बायको बसवलीस काय?" दादा म्हणाला, "बायकोला आत शीट दिली असती."

तो आमच्या भागातल्या एका बँजो पार्टीत वाजवायचा. हळदी, लग्नं, भीमजयंती, मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतले कार्यक्रम. पार्टीतले बाकीचे उभ्यानं वाजवत, दादा बसून. त्या बसण्याचं त्याला फार मोल होतं. आमच्या आजोबांच्या पिढीला गावाच्या दारात ढोल वाजवावा लागायचा, वाजवणार का असं कुणी विचारत नसे, बोलावणं हाच हुकूम असायचा. छप्पनच्या धर्मांतरानंतर आजोबांनी ढोल खुंटीवरून काढला तो कायमचा. त्यामुळे दादानं सेट आणला तेव्हा भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं त्याला पडवीत येऊन सुनावलं होतं.

"बापजाद्यांनी सोडलंन ते तू परत घरात आणलंस?"

दादानं सेटचं गोल स्टूल त्याच्यापुढं सरकवलं. "बसा यावर. बसलात? आजोबांला कदी कुनी बसायला दिलं होतं वाजवताना? आमी खुर्चीवर बसून वाजवतो, बाबा. सुपारी घेऊन वाजवतो, आन् नको असली तर नाय बोलतो."

म्हातारा थोडा वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "गोल फिरतंय रे हे," आणि फिरून बघितलं.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मला दादाचं म्हणणं पटलं होतं, म्हणजे ऐकताना पटलं होतं. पुढे मला मुंबईत कारकुनाची नोकरी लागली. आसनगावहून लोकलचा पहिला पास दादानं हळदीच्या सुपारीतून काढून दिला. पण ऑफिसात भाऊ काय करतो असं कुणी विचारलं तर मी "शेती" म्हणायचो. ते खोटं नव्हतं. भात होतंच आमचं.

मग माझं लग्न ठरायची वेळ आली. कल्याणकडची माणसं घर बघायला आली. चहा झाला. मुलीच्या मामांनी पडवीतला सेट बघितला, झांजेवर बोटानं टिचकी मारली आणि माझ्याकडे वळून हसत म्हणाले, "अरे वा, बाजेवाल्यांचं घर म्हणा की."

दादाही हसला. "रिसेप्शनला मीच वाजवीन," म्हणाला. मला मात्र ते हसणं आजही अंगावर आहे. त्यांच्या मनात काही नसेलही. माझ्या मनात होतं. त्या दिवशी मी ठरवलं की लग्नाआधी हा सेट पडवीतून जायला पाहिजे, आणि पडवीला भिंत घालून तिथे एक खोली झाली पाहिजे.

नंतर मी स्वतःला वेगळी कारणं दिली. ऑक्टोपॅड आले होते, पार्ट्या सेट टाकून पॅड घेत होत्या, दादाचा सेट फार दिवस चाललाच नसता. कार्यक्रमांत दारू असते, दादा त्यातून सुटेल. पहिलं कारण अर्धं खरं होतं. दुसरं पूर्ण खोटं. दादा तेव्हा पीतच नव्हता. प्यायला लागला तो सेट गेल्यावर.

माझ्या ऑफिसात एक जण वडशाकडचा होता, विदर्भाच्या पार टोकाचा. त्याच्या भागात भाताची कापणी झाली की गावोगाव नाटकं होतात, दिवाळीपासून थेट होळीपर्यंत. त्याचा चुलतभाऊ अशा एका नाटक मंडळात वाजवायचा आणि सेट शोधत होता. मी म्हणालो, आमच्याकडे आहे. विकायचा आहे. त्याला मी असं सांगितलं आणि घरी येऊन दादाला दुसरंच सांगितलं.

"हंगामापुरता पाहिजे त्यांना. धानाचे लोक आहेत, भाडं देतील. शिमग्याला परत येईल."

दादानं सेटकडे बघितलं. मला वाटलं, नाही म्हणणार. तो म्हणाला, "भात झोडून झालं की बांधू. हाताशी पेंढा पाहिजे."

बस्स. एवढंच. माझ्यावर अविश्वास दाखवला असता तर मी कदाचित खरं बोललो असतो.

ज्या दुपारी बांधलं ती दुपार मला नीट आठवते. खळ्यात ऊन होतं. दादानं आधी नुसता बसून एक गत वाजवली, साधीच, आणि झांज हातानं धरून थांबवली. मग चावी घेऊन एकेका ढोलाचे स्क्रू ढिले करायला लागला. एक स्क्रू इकडचा, एक बरोबर समोरचा, असं थोडं थोडं करत.

"एका बाजूनं ढिला केलास तर कड वाकते. आणि तंग ठेवून पाठवायचा नाय. ट्रकात उन्हानं तापतो, पान फाटतं. प्रवासात सगळ्यांनाच जरा सैल सोडावं."

सगळ्यात मोठा ढोल म्हणजे बास. त्याचं पुढचं पान, म्हणजे तोंडावरचा ताणलेला पडदा, काढून आत लहान ढोल बसवला, त्याच्या आत आणखी लहान. मधल्या फटीत पेंढा ठासला. त्या पेंढ्याची एकेक पेंढी त्यानं आधी दगडावर पुन्हा झोडली होती. भात केव्हाच निघालं होतं, तरी झोडली.

"आता काय राहिलंय त्यात?" मी विचारलं.

"एक दाणा राहिला तरी उंदीर येतो. पेंढ्याला नाय येत, दाण्याला येतो."

झांजांच्या मध्ये त्यानं जुन्या चादरीचे तुकडे घातले. साइड ड्रमच्या खालच्या तारा सैल करून त्याखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. म्हशाच्या जत्रेतून आणलेलं एक घोंगडं होतं, त्यात तो गुंडाळला. स्टँडांचे पाय दुमडून प्रत्येकाला गोणपाट. झांजा कसायच्या पाखऱ्या, वॉशर, सगळं एका पिशवीत आणि पिशवी बासच्या आतल्या कडेला बांधलेली. सेटखाली अंथरायची सतरंजीसुद्धा दिली. तिच्यावर कुठला पाय कुठे येतो त्या खुणा त्यानं चिकटपट्टीनं केल्या होत्या. "बिनसतरंजीचा सेट पुढं सरकतो. त्या मानसाला काय माहीत आपल्या खुणा." गाठी सगळ्या सरकत्या मारल्या, एक टोक ओढलं की सुटणाऱ्या.

"कापायला लागू नये. परत येताना हीच सुतळी चालंल."

मी सुतळी धरून होतो. वर बघत नव्हतो.

बासचं पान परत लावायच्या आधी त्यानं वहिनीला हाक मारली. "अगो, मूठभर तांदूळ दे. नवे."

वहिनीनं सूप आणलं. तिच्या जुन्या पातळाचा एक निळा तुकडा होता, त्यात दादानं तांदूळ घालून गाठ मारली. आमच्याकडे कुणाचं भांडं आलं तर रिकामं परत करत नाहीत, आणि आपलं भांडं कुणाकडे गेलं तर तेही रिकामं जात नाही. चार दाणे का होईना, आत असतात. कालवणाची वाटी असो, भाताचं टोपलं असो. पण ढोलात तांदूळ घालताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "दादा, आत्ताच पेंढा झोडलास ना? उंदीर?"

"ते पेंढ्यात. हे कापडात बांधलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "एवढा मोठा ढोल, आन् रिकामा पाठवू? बोलतील काय ते लोक? ठानं जिल्ह्यात अन्न नाय काय?"

वहिनी म्हणाली, "आन् परत येताना ते काय घालतील?"

"त्यांच्याकडचं काय ते. बघू ना."

एवढा सावध माणूस. एकेक पेंढी पुन्हा झोडणारा. आणि शेवटी उंदराला आमंत्रण त्यानंच आपल्या हातानं आत ठेवलं, कारण दारातून रिकामं जाणं त्याला उंदरापेक्षा वाईट वाटत होतं. पुढे गुदामांत काय असतं हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं. माझं बोलायचं काम होतं. पण त्या वेळी मी जास्त बोललो असतो तर सगळंच बोलून बसलो असतो, अशी मला भीती होती.

काठ्या मात्र त्यानं ठेवून घेतल्या. चावीही. "काठ्या त्यांच्या असतील. चावी माझ्याकडं राहू दे, परत आला की मलाच बांधायचाय."

भिवंडीला ट्रान्सपोर्टच्या गुदामात मी टेम्पोनं एकटाच गेलो. तिथल्या माणसानं खोक्यांना आणि गाठोड्यांना हात लावत विचारलं, "खाण्याचं काही नाही ना आत?" मी नाही म्हणालो. सरकती गाठ ओढून पुरचुंडी काढायला दोन मिनिटं लागली नसती. हात धजला नाही. ती काढली असती तर सेट खरोखर विकल्यासारखा झाला असता, असं काहीतरी तेव्हा वाटलं. आता वाटतं, ते माझं दुसरं खोटं होतं आणि त्याला मी माया समजलो.

भाड्याचे म्हणून थोडे पैसे दादाच्या हातात ठेवले. बाकीचे पडवीच्या भिंतीला लागले.

काही दिवसांनी ऑफिसात फोन आला. वडशाहून, नाटक मंडळातला तो वाजवणारा.

"सामान भेटलं जी. बासाचं मागचं पान उंदरायनं कुरतडलं, सतरंजीचा कोपरा बी खाल्ला. आत तांदूळ होते, ते कायले ठेवले होते?"

मी म्हणालो, चुकून राहिले असतील. पान बदलून द्यायचा खर्च मी पाठवतो.

"नाही नाही, चुकून कसे? गाठ मारलेली होती ना जी. उंदरायनं अर्धे ठेवले आमच्यासाठी." तो हसला. "आमी बी धानाचेच लोक आहो. आमच्याकडं बी रिकामं भांडं देत नाही. माझ्या मायनं ते उरलेले तांदूळ देवापुढं ठेवले, म्हने मोठ्या मनानं विकला त्या मानसानं. पान आमी लावून घेऊ. आन् ज्यानं हे बांधलं त्याले सांगा, असं बांधलेलं सामान आमी पाह्यलं नाही. चावी तेवढी नाही भेटली."

चावी मी मुंबईतून नवी घेऊन पाठवली. दादाला काही सांगितलं नाही. कसं सांगणार? 'मोठ्या मनानं विकला' हे त्याच निरोपात होतं.

दादा विचारायचा, पोचला का. मी म्हणायचो, पोचला. नीट आहे का. नीट आहे. तो पडवीत, म्हणजे आता खोली झाली होती तिच्या बाहेरच्या ओट्यावर, कोंड्याच्या पोत्यावर काठ्यांनी हात चालवत बसायचा. धप धप असा भुसभुशीत आवाज. माझी नवी बायको आतून विचारायची, "भाऊजी काय झोडतायत?" मी म्हणायचो, सवय आहे.

शिमगा आला. मी म्हणालो, त्यांचा हंगाम लांबलाय. मग म्हणालो, आता पाऊस लागेल, ओलं होईल. मग पावसानंतर म्हणालो, पुढच्या हंगामाला पण मागतायत, चांगली माणसं आहेत, नाही कसं म्हणू. दादा प्रत्येक वेळी मान हलवायचा. एकदाच म्हणाला, "चांगली असतील तर एकदा फोन लावून दे मला. कसा वाजतोय विचारतो." मी म्हणालो, त्यांच्याकडे फोन नाही, लांबून येऊन करतात.

पार्टीनं पॅड घेतला. त्यावर दुसरा कुणी वाजवायला बसला, बसला म्हणजे उभाच राहिला. दादाला त्यांनी झांज वाजवायला बोलावलं होतं. तो एका हळदीला गेला आणि परत गेला नाही. मग वीटभट्टीवर जायला लागला, आणि तिथून येताना पिऊन यायला लागला. वहिनी मला म्हणाली, "भावजी, तो सेट मागवून घ्या. हातात काठी असली की हा मानूस सरळ असतो." मी म्हणालो, बघतो.

आता हे सांगायचं राहिलंय, आणि हेच सगळ्यात कठीण आहे. ऑफिसातला वडशाचा सहकारी सुट्टीवरून परत आला तेव्हा त्यानं माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. वहिनीच्या पातळाचा तोच निळा तुकडा होता, धुऊन आलेला, एका टोकाला उंदरानं कुरतडलेला. आत त्यांच्याकडचे बारीक तांदूळ आणि मूठभर चारोळी.

"चुलतभावाच्या मायनं दिलं," तो म्हणाला. "रिकामं फडकं कसं परत करायचं म्हणाली."

दादा ज्याची वाट बघत होता ते माझ्या टेबलावर होतं. घरी नेऊन दिलं असतं तर त्यानं विचारलं असतं, फडकं आलं आणि ढोल नाही आला? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. तांदूळ पिशवीत ओतून आसनगावच्या खोलीवर नेले. तोवर आम्ही तिथे भाड्यानं राहायला गेलो होतो. म्हणजे ज्या खोलीसाठी सेट गेला ती खोली आम्ही पुरती दोन वर्षंसुद्धा वापरली नाही. बायकोनं तांदूळ शिजवले. "कुठले आहेत? वास बघा किती छान येतोय," म्हणाली. मी म्हणालो, ऑफिसातल्यानं दिले. आणि जेवलो. पोटभर जेवलो, हेही लिहून ठेवतो. चारोळी तिनं खिरीत घातली.

फडकं फेकता आलं नाही. ऑफिसच्या कपाटात मागे ठेवलं. घरी नेलं असतं तर वहिनीनं आपलं पातळ ओळखलं असतं.

दादाला कावीळ झाली तेव्हा शहापूरला दवाखान्यात ठेवला होता. मी रोज कामावरून परत येताना आसनगावला उतरून रिक्षानं तिकडे जायचो. डोळे पिवळे, हात मात्र चादरीवर हलके हलके चालायचे. एका संध्याकाळी वहिनी चहा आणायला खाली गेली होती. त्यानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता विचारणार, आणि आता मी सांगणार. खरंच सांगणार होतो. शब्द जुळवून ठेवले होते.

तो म्हणाला, "काय रे, त्यांनी आत काय पाठवलं असंल?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सेट कधी येणार हे तो विचारत नव्हता. ते त्यानं केव्हाच सोडलं होतं, किंवा त्याला केव्हाच समजलं होतं. मी कधी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही.

मी म्हणालो, "काहीतरी असेल. त्यांच्याकडचं."

"तांदूळच असतील," तो म्हणाला. "धानाचे लोक आहेत ना ते. तूच बोलला होतास."

वहिनी चहा घेऊन आली. त्यानं तिच्याकडून कप घेतला. त्या आठवड्यातच गेला. शब्द माझ्याकडेच राहिले.

आता वहिनी एकटी असते त्या घरात. पडवीच्या खोलीत भाताची पोती असतात. मागे छपराचे पत्रे बदलायला गेलो होतो, तर तिनं वाशातून काठ्या काढल्या, पुसून परत तिथेच ठेवल्या. चावी मात्र माझ्या हातात दिली. ड्रमची ती छोटी चावी, तिच्या केसातल्या तेलानं काळी झालेली. इतकी वर्षं गळ्यातल्या दोऱ्याला होती.

"भावजी, ही तुमी ठेवा. तो ढोल आला तर बांधनारा नाय आता. पन चावी तरी घरात पायजे."

मी घेतली. हो म्हणालो. ती अजूनही सेट भाड्यानं गेलाय असंच धरून आहे. वहिनीला सहीपुरतंच लिहिता-वाचता येतं, आणि म्हणून हे लिहायची मला हिंमत झाली. हेही माझ्याच खात्यात धरावं.

ऑफिस सोडताना कपाटातून ते फडकं मी घरी आणलं. उंदरानं खाल्लेला कोपरा तसाच आहे. चावी त्यात बांधून ठेवली आहे.

सेट विकला होता, हे वहिनीला तोंडानं सांगायचं देणं मी लागतो. आणि ते तांदूळ मी खाल्ले, म्हणून त्या फडक्यात मूठभर तांदूळ घालून तिच्या दारात न्यायचंही देणं लागतो.